दुष्काळानंतरचं अपचन

अंध वाचकांच्या वाट्याचा पुस्तकांचा दुष्काळ हटवायला 2013 साली मराकेश करार झाला. भारतानं 2014मध्ये तो सगळ्या देशांच्या आधी मंजूर केला, 2016मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं आणि आम्हा मंडळींना अपचन झालं.

पूर्वी एखादी जाडजूड कादंबरी ब्रेलमध्ये आली की कपाटाचा अख्खा कप्पा अडवायची. नाहीतर पान न् पान स्कॅनरवर पालथं घाला आणि जोडाक्षरांचा जो चिवडा निघेल तो मुकाट्यानं ऐका. आता डेझी फायली, म्हणजे अंधांना वाचता येणारी डिजिटल पुस्तकं, चुटकीसरशी उतरतात. उतरतात म्हणून उतरवायच्या! मुघलांचा इतिहास, मधुमेहींचा आहार, प्राप्तिकर कायदा (तोही जुना). असू द्यावं हाताशी. फोल्डरचं नाव ‘वाचायचं’, त्याच्या पोटात ‘नक्की वाचायचं’, त्याच्याही पोटात ‘नक्की वाचायचं नवीन’. स्क्रीन रीडर ही नावं जराही न हसता उच्चारतो, हे त्याचे उपकार.

एका मित्राचं मेमरी कार्ड परवा भरलं. म्हटलं, वाचून झालेली पुस्तकं पुसून टाक की.

म्हणाला, “तसलं त्यात एकही नाही.”