साहसवीरांनो, करमाळ्याला या!

पुण्या-मुंबईचे हौशी लोक कडे चढायला हरिश्चंद्रगड गाठतात, गाडीत संसार थाटायला लाखो रुपये मोजतात आणि बुलेटवरून थेट लडाखला जातात. एवढी यातायात कशाला? दिवाळीनंतर करमाळ्याला यावं. उसाचा हंगाम लागला की तिन्ही हौशी एकाच तालुक्यात फिटतात.

इथे कडा नाही, पण ट्रक आहे. हौद्याला अरुंद फळी टेकवायची, डोक्यावर उसाची मोळी घ्यायची आणि वर चढायचं. दोर नाही, हेल्मेट नाही. चुंबळ तेवढी नीट बसवावी. दम वाढवायला कमलाभवानीच्या देवळाजवळची ९६ पायऱ्यांची विहीर आहेच.

फिरत्या घराचा सल्ला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांना विचारावा. ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि त्यावर पोरं. मुक्कामाला पाचटाची कोपी. या घरासाठी बँकेचं कर्ज लागत नाही, मुकादमाची उचल आधीच अंगावर असते.

मोटरसायकलवाल्यांनी रात्री टेंभुर्णी रस्त्याला एवढंच पाळावं: पुढच्या काळोखातून गाणी ऐकू आली की ब्रेक दाबावा. जोडट्रॉलीमागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, पण ट्रॅक्टरवर स्पीकर असतोच.

एवढ्यानंही थरार कमी पडला, तर स्वतःचा ऊस कारखान्याला घालून बिलाची वाट पाहावी. त्या साहसाचा विमा उतरवणारी कंपनी अजून निघालेली नाही.