पिनेपुरता कोट

समाजसेवेला कोट लागतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या क्लबात (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी मला सेक्रेटरी व्हायचंय) नव्या सभासदाला एक चकचकीत पिन मिळते. ती कोटाच्या कॉलरला लावायची. आणि सोलापुरात कोट घालतो नवरदेव, नाहीतर बँडवाला.

दोष अशा क्लबांच्या मुळातच आहे. रोटरी 1905 साली निघाली शिकागोत, किवानिस 1915 साली डेट्रॉइटला, लायन्स 1917 साली पुन्हा शिकागोत. सगळी थंडीतली माणसं! त्यात आमचं सेवावर्ष सुरू होतं 1 जुलैला, म्हणजे पदग्रहण ऐन घामाच्या दिवसांत. लग्नातला कोट ट्रंकेतून काढला. डांबरगोळ्यांचा वास जाईना आणि पोटावरचं बटण काजापर्यंत येईना. शिंपी म्हणाला, ‘‘साहेब, सोडायला कापड दोन बोटं आहे, आणि पोट चार बोटं.’’ शेवटी नवा शिवला. ‘‘अहो, एवढ्या पैशांत पोरांना ढीगभर वह्या आल्या असत्या,’’ ही म्हणाली. वहीला पिन लावता येत नाही, हे तिला कसं समजावणार?

पहिला कार्यक्रम वह्यावाटपाचा. पाहुणे यायचे होते, म्हणून मुलं सकाळपासून पटांगणात मांडी घालून बसलेली. मी मुद्दाम डावीकडे उभा राहिलो, पिन फोटोत यावी म्हणून. तिसरी-चौथीतली एक मुलगी पुढे आली. तिनं वही घेतली. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘परत द्या, इकडे बघा.’’ तिनं दिली. पुन्हा घेतली. मग अध्यक्षांचे डोळे मिटले, म्हणून पुन्हा दिली. शेवटी वही छातीशी घट्ट धरून तिनं मला हळूच विचारलं, ‘‘काका, आता माझी ना?’’

त्या कोटात मला तोवर इतकं उकडलं नव्हतं.

मला पल्स पोलिओ आठवला. तो 1995 साली सुरू झाला. त्यात दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावतात. खूण बाळाला, पाजणाऱ्याला नाही. बर्फाचा डबा खांद्याला लावून दारोदार हिंडणाऱ्या त्या बायकांचे हारतुरे घेतलेले फोटो निदान माझ्या तरी पाहण्यात नाहीत. आणि 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आम्हाला शे-दोनशे वह्यांना बॅनर लागतो, तोही वह्यांहून महाग. मुलांनी उन्हात बसायचं ते आमच्या अहवालासाठी!

पुढच्या सभेत मी तडक ठराव मांडला : वाटप करताना फोटो काढू नयेत. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘मग बक्षिसाच्या फाइलीला काय जोडायचं?’’ अनुमोदन कोणीच दिलं नाही. ठराव मांडतानाचा माझा फोटो मात्र झकास आलाय, पिनेसकट. दोन प्रती सांगितल्या आहेत.