अडीच फुटांचे अण्णा

अण्णांची स्वतःची उंची पावणेसहा फूट आहे. अडीच फुटांची आहे ती त्यांची काठी. बांबूची, दोन्ही टोकांना पितळी टोपणं घातलेली, आणि बरोबर 762 मिलिमीटर. एवढ्या आखूड काठीवर टेकता येत नाही आणि तिनं कुत्रंही हाकलता येत नाही, कारण ती आडवी धरायची असते. दोन रुळांच्या मध्ये. आता रूळच उरले नाहीत, त्यामुळे जिथं दोन उभ्या वस्तू शेजारी दिसतील तिथं अण्णा ती घालून बघतात. टपरीवरच्या बाकाच्या पायांत घालतात, गोठ्याच्या दारात घालतात. एकदा एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना नवरा-नवरीच्या मध्ये घातली होती. "नॅरोगेज बसतंय," असं पुढच्या रांगेला ऐकू येईल इतपत हळू म्हणाले होते.

बार्शी लाईट ही नॅरोगेज रेल्वे बंद होऊन पंधराएक वर्षं होऊन गेली, असं आपण म्हणतो. अण्णांच्या लेखी ती लेट आहे. म्हणून जुन्या लाईनीचा भराव ओलांडताना ते आधी डावीकडं बघतात, मग उजवीकडं, आणि मगच पाय टाकतात. दोन्ही बाजूंना बाभळी. बाभळीचं खोड मांडीएवढं झालंय, तरी बघतात.

असला माणूस म्हणजे रिटायर झालेला गार्ड किंवा स्टेशनमास्तर असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण अण्णांनी उभी हयात बसच्या कंडक्टरकीत काढली आहे, तीही बार्शी-लातूर रूटवर. लाईनीवरून चालायला ते आम्हा तिघाचौघांना गोळा करतात तेव्हा कंडक्टरचा बिल्ला बोलतोच. "मागचे पुढं सरका. मास्तर, दारात उभं ऱ्हाऊ नका." दार कुठलं? समोर घाणेरीच्या झुडपात एक माणूस जाईल एवढी फट असते. जुनं स्टेशन आलं की ते थांबतात आणि खिशातल्या तिकिटाच्या पंचनं दोनदा टिकटिक केल्याशिवाय हलत नाहीत. स्टेशन म्हणजे बहुतेक वेळा एक जोतं आणि त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. पण हॉल्ट तो हॉल्ट.

या दिवाळीनंतर आम्ही त्यांच्याबरोबर पांगरीकडून रामलिंगचा घाट चढून येडशीला गेलो. ही वाट निवडली, कारण इथं लाईन खरोखरच मेलेली आहे. बाकी पुष्कळ ठिकाणी नॅरोगेजच्या जागी, किंवा तिच्या शेजारून, ब्रॉडगेज आली. पण 2007-08 च्या सुमारास नवी लाईन सुरू झाली तेव्हा ती धाराशिवला वळसा घालून नेली. शंभर वर्षं रेल्वे न बघितलेल्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली, आणि बालाघाटावर चढणारा हा घाट माकडांना आणि सीताफळांना सोडून दिला. अण्णांना हे पटलेलं नाही. "धाराशिवला द्यायची ना, द्या. पण हिला वाळीत का टाकली?" असं विचारतात आणि उत्तरासाठी आमच्याकडं बघतात. जणू आराखडा आम्हीच काढला होता.

घाटाच्या पायथ्याशी एक वस्ती लागली. अण्णा थेट गोठ्याकडं वळले. गोठ्याच्या खांबाला काठीनं टक्क करून वाजवलं, कान लावला आणि चेहरा उजळला. "रूळ!"

घरातून बाई बाहेर आल्या. आमच्या पायांतले बूट आणि अण्णांच्या हातातली काठी बघून त्यांनी दोरीवरची गोधडी ओढली आणि त्या खांबावर पसरली.

"कोन तुमी? रेल्वेचं का?"

"न्हाई मावशी. खांब कुठल्या सालचा हाय, येवढंच बघायचंय."

"सासऱ्याच्या सालचा हाय. इकत घेतलाय आमी."

त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, चहा झाला, मग गोधडी हटली. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल रूळ लाटतानाच उठवलेलं असतं. अण्णांनी अंगठ्याच्या नखानं शेणाचा थर खरवडला, थुंकी लावून धोतराच्या सोग्यानं पुसलं, खिशातून पातळ कागद काढून त्यावर धरला आणि आडव्या पेन्सिलीनं घासायला लागले. आधी एक उभी रेघ उठली. मग 9. पुढचे दोन आकडे येणार तेवढ्यात खांबाला बांधलेल्या म्हशीनं मान वळवून कागद तोंडात घेतला आणि शांतपणे रवंथात मिसळला. दुसरा कागद नव्हता, आणि वरचे आकडे बघायला अण्णांचा चष्मा घरी होता. मी वाचून दाखवतो म्हणालो, तर म्हणाले, "नको. एकदा म्हशीनं खाल्लं म्हंजे खाल्लं." या माणसाचं शास्त्र असं आहे.

एरवी सालं त्यांना तोंडपाठ. 1897 ला बार्शी रोड ते बार्शी. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 1954 ला सरकारनं घेतली. हे ते घरातली बारशी सांगावीत तसं सांगतात. आणि ज्यानं ही बांधली तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप त्यांच्या बोलण्यात नुसता 'साहेब' असतो, परवाच डेपोत भेटल्यासारखा. साहेबाची अक्कल अण्णा बैलगाडीवरून समजावतात. सगळी पोती मागं ठेवली तर बैल वर उचलला जातो, सगळी पुढं ठेवली तर बैल बसतो. साहेबानं वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं; इंजिन असो की डबा, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त बोजा येऊ दिला नाही. म्हणून हलके रूळ पुरले, म्हणून लाईन स्वस्तात झाली. हे आधी इंग्लंडात लीड्सजवळ 1896 मध्ये रूळ टाकून लोकांना दाखवलं आणि मग बार्शीला आणलं.

पुढं या कॅल्थ्रॉपनं विमानातून उडी मारायची पॅराशूटं बनवली. हे खरं आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. अण्णांना यात नवल वाटत नाही. "चालत्या गाडीतनं खाली उतरून, बोरं तोडून, परत डब्यात चढणारी मानसं त्यानं हितं बघितली हुती. हिच्यातनं उतरता येतंय, तर इमानातनं का न्हाई, असं त्येला वाटलंच आसंल."

घाटात एका खोदाईत आम्ही थांबलो. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये सावली, पायांखाली अजून खडी. मी सांगितलं की याच साहेबानं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये बांधलेली अशीच अडीच फुटी लाईन 1934 ला बंद पडली, आणि 1937 मध्ये तिच्या जागेवर लोकांना चालायला पायवाट केली. अण्णांनी धोतरातला काटा काढला, निरखून बघितला आणि म्हणाले, "आपली बी झालीया की. काटं तेवढं आपलं सवताचं."

पुढच्या मोरीपाशी ते एकाएकी बोलायला लागले. काठी मांडीवर आडवी.

"गाडी सुटायच्या टायमाला मी बार्शीला स्टेशनाच्या फाटकात उभा ऱ्हायचो. लातूर, लातूर, गाडीच्या आधी लातूर. डब्यात बसलेली मानसं उतरून यायची. येकदा तर म्हातारीचं बोचकं मीच खिडकीतनं घेतलं. म्हातारी आली मागनं. ड्रायव्हर खूश, डेपो खूश."

कुणी काही बोललं नाही. वर माकडांनी फांदी हलवली. अण्णांनी पंच दोनदा वाजवला. आम्ही उठलो.

येडशीला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अण्णांनी घड्याळ बघून डायरीत लिहिलं: दोन तास दहा मिनिटं लेट. समाधानानं डायरी मिटली. तेवढ्यात बार्शीची बस येऊन समोरच थांबली. अर्धी रिकामी. तरणा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "बार्शी, बार्शी, चला काका, बसा!"

आमचे पाय दुखत होते. आम्ही उठलो. अण्णा बाकावरून हलले नाहीत.

"जाऊ द्या हिला," ते म्हणाले. "म्होरच्यानं जाऊ."

"का ओ अण्णा? जागा आहे की."

अण्णांनी उत्तर दिलं नाही. बस धुरळा उडवून गेली. मग त्यांनी काठी बाकाच्या दोन पायांमध्ये घालून बघितली. चार बोटं कमी पडली.