नवी नाइन-इलेव्हन: ओळखावी कशी, नावं ठेवावीत कशी

पोर्शेची नवी नाइन-इलेव्हन पाहिली की नवशिक्याच्या तोंडून हमखास निघतं, "ही जुनीच तर आहे!" हे मोठ्यानं म्हणू नये. १९६३ला फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हापासून तीच मागे उतरत जाणारी पाठ, इंजिन तसंच मागच्या चाकांच्याही मागे. फरक शोधायला खाली वाकावं लागतं. वाका.

आधी आकडे. गाडीचं मूळ नाव ९०१. मधल्या शून्यावर प्यूजोनं हक्क सांगितला म्हणून ९११. पिढ्यांचे आकडे आणखी वेगळे: ९९६, मग ९९७, मग ९९१. का, ते विचारू नका, मान डोलवा. २०२४ची सुधारित गाडी म्हणजे 'नाइन नाइन टू पॉइंट टू'. 'पॉइंट टू' जरा सहज पडलं पाहिजे.

आता वाकलाच आहात तर पुढचा बंपर बघा. तिथले दिवे गेले, सगळे हेडलाइटच्या काचेआड शिरले.

खरं सुतक आत आहे. स्टिअरिंगच्या डावीकडे पिळून गाडी चालू करायचा खटका होता, तिथे आता बटण आलं. डावी बाजू तेवढी राखली. समोर मधोमध खऱ्या काट्याचा आरपीएम मीटर होता, आता १२.६ इंची स्क्रीन. जुनी पाच गोल घड्याळं तिच्यावर चित्रात दिसायची सोय आहे म्हणे! भिंतीवरचं घड्याळ काढून घड्याळाचा फोटो लावला, तसं. इथे दोन क्षण गप्प राहावं.

हिच्याच जीटीएस प्रकारात हायब्रिड आलं: ३.६ लिटरचं इंजिन, टर्बोच्या पोटातच विजेची मोटर, सगळी मिळून ५४१ अश्वशक्ती. वजन सुमारे ५० किलोनं वाढलं. तुम्ही फक्त ५० किलोंबद्दल बोला. धीर हवा असेल तर ९९६ आठवा: हवेऐवजी पाण्यानं थंड होणारं इंजिन आणि फुटक्या अंड्यासारखे हेडलाइट पाहून जाणत्यांनी गाडीचं श्राद्धच घातलं होतं. हल्ली त्यांतलेच काही ९९६ शोधत फिरतात.

शेवटी मागच्या सीट. कूपेत त्या आता मागितल्या तरच मिळतात, जादा पैसे पडत नाहीत. त्यावरही हळहळावं. फक्त तिथे कधी बसून गेलेला कुणी जवळपास नाही ना, ते आधी बघून घ्यावं.