नानांची छोटी लाइन

इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालेल्या माणसाची घरी मोठी पंचाईत होते. त्याला नापास करायला काही मिळत नाही. नोकरीत रोज सुटे भाग समोर येत, मापं घेतली जात, लाल पेन्सिल फिरे आणि माल परत जाई. घरी आमटी असते, पण आमटी परत पाठवण्याचे परिणाम त्याला ठाऊक असतात. मग तो स्वतःच काहीतरी काढतो, स्वतःच मोजतो आणि स्वतःच नापास करतो. आमच्या रिछाईचे नाना या जातीचे. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात, म्हणजे १९०४ साली सुरू झालेल्या आणि गावात फक्त ‘जीसीएफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यात, त्यांची हयात गेली. आता ते मागच्या खोलीत रेल्वे काढताहेत.

खोली दहा बाय नऊ. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा ती रिकामी झाली. रिकामी म्हणजे नानांच्या नकाशावर. प्रत्यक्षात तिथे एक दिवाण, एक लोखंडी कपाट, पाहुण्यांच्या गाद्या, इन्व्हर्टर आणि काकूंचे वाळवणाचे डबे आहेत. नानांनी पहिल्याच दिवशी भूसंपादनाचा प्रस्ताव मांडला. कपाट बाहेर, गाद्या माळ्यावर, डबे स्वयंपाकघरात. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि दिवाण?”

“दिवाण रुळांच्या आड येतो.”

“मग रूळ दिवाणाच्या आड येऊन राहिलेत, असं म्हणा ना.”

प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला. नानांना याचं दुःख झालं नाही. त्यांनी कागदावर ‘आराखडा क्र. १’ लिहून खाली लाल रेघ मारली. पहिलं काम नापास झालं होतं आणि दिवस सत्कारणी लागला होता.

नानांची मूळ कल्पना लहान नव्हतीच. ज्या गावी १८७० साली मुंबईकडून आलेला रूळ आणि कलकत्त्याकडून आलेला रूळ एकमेकांना भेटले, जिथे आज पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, त्या गावच्या माणसाने मेन लाइन सोडून दुसरं काय काढायचं? तेव्हा जबलपूर जंक्शन, सगळे फलाट, यार्ड, आणि हावडा–मुंबई मेल पूर्ण डब्यांची. माप ठरलं एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शाचं. जगातले निम्मे हौशी लोक याच मापात खेळतात, असं नाना सांगतात. ‘खेळतात’ हा शब्द मात्र उच्चारताना थोडे थांबतात.

मग हिशेब सुरू झाला. एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा. भागिले ८७, म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटर. २२ डब्यांची गाडी धरली तर झाले वीस फूट, आणि इंजिन वेगळं. खोली दहा फूट. नानांनी भिंतीवर हात फिरवला, पलीकडे काय आहे ते आठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची उंची मोजू लागले. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं नाही, नुसतं थांबवलं. आराखडा क्र. ४ तिथेच नापास झाला.

डबे कमी करता आले असते. दुसरा कोणीही आठ डब्यांवर समाधान मानून मोकळा झाला असता. पण नानांना त्याआधी गेजने गाठलं. एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा मिळतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून बेतलेला. आपली ब्रॉडगेज १६७६. तिला ८७ने भागलं की येतात १९.२६ मिलिमीटर. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. पाहुण्यांना तो दिसणार नाही, मुलीला दिसणार नाही, चष्मा काढला तर खुद्द नानांनाही दिसणार नाही. पण ज्याने आयुष्यभर एका केसाच्या फरकावर माल परत पाठवला, तो आपल्याच खोलीत पावणेतीन मिलिमीटर कसे सोडणार? “मग ती जबलपूरची गाडी नव्हे,” नाना म्हणाले, “जर्मनीची गाडी, जबलपूरचा रंग लावलेली.”

तेव्हा चाकं नव्याने बनवायची ठरली. रिछाईत राहण्याचा हा एक फायदा. औद्योगिक वसाहत दारात. मोठमोठ्या गाड्यांचे भाग बनवणारी लेथ मशिनं सकाळपासून गरगरत असतात. नाना एका वर्कशॉपमध्ये चाकाचं ड्रॉइंग घेऊन गेले. चाक शर्टाच्या बटणाएवढं, ड्रॉइंग मात्र पलंगपोसाएवढं. कारागिराने ते आडवं केलं, उभं केलं आणि आदराने विचारलं, “अंकलजी, इसमें बैठेगा कौन?”

“सवाल बैठने का नहीं है, टॉलरन्स का है,” नाना म्हणाले.

कारागिराने चार चाकं करून दिली. नानांनी ती मायक्रोमीटरने मोजली आणि चारही नापास केली. कारागीर नाराज झाला नाही. जीसीएफच्या इन्स्पेक्शनशी त्याच्या वडिलांचाही संबंध आलेला होता. ज्या कारखान्यात आज १५५ मिलिमीटरची धनुष तोफ तयार होते, तिथल्या माणसाला खोलीतल्या बटणाने इतकं छळावं, हे मात्र शेजाऱ्यांना कळत नव्हतं.

पुढच्या आराखड्यांची कथा थोडक्यात सांगता येते. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मधे तीन इंच उंची हवी. पन्नासास एक असा चढ धरला तर ती गाठायला साडेबारा फूट लागतात. चढ संपायच्या आत भिंत येते. टेबल भिंतीला लावून रुंद केलं तर अडीच फुटांपलीकडे हात पोचत नाही. नानांनी दिवाणावर पालथं पडून हे सिद्ध केलं आणि त्यांना उठवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. मधे भोक ठेवून टेबलाखालून वाकून आत शिरायचं, असा आराखडा क्र. ९ होता. तो नानांच्या गुडघ्यांनी नापास केला.

मधल्या काळात पुण्याला लेकीकडे जाणं झालं, तेव्हा नाना कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन आले. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते अख्खं शहर: सिग्नल, फाटकं, वळणं, दिवे, सगळं ठरल्या वेळी चालणारं. नातू गाड्या पाहत होता. नाना कमरेत वाकून टेबलाखालच्या वायरी दिसतात का ते पाहत होते. घरी परतल्यावर त्यांनी आदराने एवढंच सांगितलं, “पास आहे.” त्यांच्या तोंडून हा शब्द लग्नाआधी काकूंच्या पत्रिकेबद्दल निघाला होता, त्यानंतर आताच.

त्या भेटीतून एक शोध मात्र लागला. ते संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. पश्चिम मध्य रेल्वेचा कारभार जबलपुरातून सुरू झाला तोही १ एप्रिललाच, २००३ साली. रेल्वेची पक्की कामं याच मुहूर्तावर होतात, असा निष्कर्ष काढून नानांनी मागच्या खोलीच्या उद्घाटनाचीही तारीख जाहीर केली: १ एप्रिल. साल जाहीर केलं नाही.

कोंडी फोडली ती काकूंनी. त्यांचं माहेर बालाघाटचं. माहेरी जायचं म्हणजे हाऊबाग स्टेशनवरून छोटी लाइन पकडायची. ग्वारीघाट, मग नर्मदेवरचा पूल, बरगी, शिकारा, घंसौर, नैनपूर. बंगाल–नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेली अडीच फुटी लाइन. जबलपूर–नैनपूर भाग २०१५ साली बंद झाला, रूळ उखडले, ब्रॉडगेज आली, आणि नैनपूरला छोट्या लाइनीचं संग्रहालय झालं. नानांनी त्या गाडीकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मेन लाइनवाल्यांना छोटी लाइन म्हणजे सासुरवाडीची गाडी.

“अहो, तुमचे मोठे डबे मावत नाहीत ना,” काकू डाळ निवडता निवडता म्हणाल्या, “मग माझी छोटी लाइनच घाला की. तेवढी जागा नक्की असेल.”

नाना हसले. मग सवयीने भागाकार केला. ७६२ भागिले ८७. उत्तर आलं ८.७६. एन मापाचा तयार रूळ बाजारात मिळतो तो ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी. इंजिन बुटकं, डबे आखूड, वळण दहा इंचांतसुद्धा बसेल. नानांनी भागाकार दुसऱ्यांदा केला, मग उलटा गुणाकार केला. चूक सापडेना. लहान म्हणून रेल्वेने जी मोडीत काढली, ती लहान म्हणूनच खोलीत बसत होती.

इन्स्पेक्टर लोक आनंद दाखवत नाहीत. नाना म्हणाले, “पाव मिलिमीटर विचाराधीन ठेवतो.”

नवा आराखडा काकूंच्या अटींवर मंजूर झाला. दिवाण हलणार नाही. कपाट हलणार नाही. भिंतीला पन्नास इंचांवर फूटभर रुंद फळी, त्याच वर्कशॉपच्या ब्रॅकेटवर. एका टोकाला ग्वारीघाट, लगेच पूल, दुसऱ्या टोकाला बरगी. घाट, होड्या, पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा, सगळं काकू करणार. फळी बसली, घाट रंगला, नर्मदेत निळसर राळ ओतली गेली. आणि मग काकूंच्या लक्षात आलं की पाहुणे नेमके नर्मदामैयाच्या खाली झोपणार.

“पाय मैयाकडे चालायचे नाहीत.”

“मग पाय बरगीकडे करू देत.”

“बरगीला धरण आहे. तेही मैयाचंच.”

“फळीवर धरण नाही, फक्त स्टेशन आहे.”

काकूंनी विचार केला. स्टेशनकडे पाय करायला शास्त्राची हरकत नव्हती. उभं जबलपूर तसंच झोपतं.

रूळ तीन फूट घालून झालेत आणि दोनदा उखडलेत, सांधा पास होईना म्हणून. गाडी यायची आहे. वेळापत्रक मात्र लागलंय आणि दारावर पाहुण्यांसाठी टंकलेली सूचनाही: ‘डोके ग्वारीघाटाकडे करून झोपावे. उठताना आधी बरगीकडे सरकावे, मगच बसते व्हावे. डोक्यावर पूल आहे.’ खाली मंजुरीची सही आहे. ती काकूंची.