वीट मिळाली, तासांचं काय?

अमेरिकेतल्या स्वतंत्र कॉमिक्सवाल्यांच्या एका मानाच्या पुरस्कारात हाती पडते ती वीट. मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन शहराला लागून, १९९४ पासून ‘स्मॉल प्रेस एक्स्पो’ ही जत्रा भरते. तिथे १९९७ पासून इग्नॅट्झ पुरस्कार दिले जातात. इग्नॅट्झ हा जॉर्ज हेरिमनच्या ‘क्रेझी कॅट’मधला उंदीर. तो मांजरीच्या डोक्यात विटा घालतो आणि मांजर त्याला प्रेम समजते. नामांकनं ठरवतात पाच व्यंगचित्रकार, मतं देतात जत्रेला आलेले लोक, आणि विजेता वीट घेऊन घरी जातो. मला हा पुरस्कार फार आवडतो. कुठल्याही मंत्र्याच्या हस्ते मिळणाऱ्या शालीपेक्षा मला ती वीट मोलाची वाटते, कारण ती आपल्याच धंद्यातल्या माणसांनी दिलेली असते.

पण मला विचारायचं आहे ते विटेच्या पुढचं. ज्या पुस्तिकेला ती मिळाली, ती काढायला लागलेल्या तासांचे पैसे कोणी दिले?

या जत्रेचं अर्थकारण समजून घ्या. टेबल मिळवायला सोडत असते. अनेकजण अर्धंच टेबल घेतात. त्यावर स्वतः लिहिलेल्या, स्वतः काढलेल्या, झेरॉक्स मारून दुमडून मध्ये दोन पिना ठोकलेल्या पुस्तिका मांडलेल्या असतात. त्यांना मिनीकॉमिक म्हणतात. टेबलाच्या अलीकडे बसलेला माणूस तासाभराने पलीकडे जाऊन शेजाऱ्याची पुस्तिका घेतो, शेजारी त्याची घेतो. पैसे नसले तर अदलाबदल. कोणाकडे छपाई स्वस्त पडते, कुठलं दुकान पैसे वेळेवर देतं, कुठला कागद शाई पसरवत नाही, ही माहिती कोणीही लपवत नाही. परगावचा चित्रकार आला तर त्याला झोपायला कोणाचा तरी सोफा मिळतो. हे सगळं खरं आहे आणि त्यातला जिव्हाळाही खरा आहे. या मंडळींनी कागदाचा प्रश्न सोडवला, टपालाचा सोडवला, मुक्कामाचा सोडवला. चित्र काढायला बसलेल्या माणसाच्या वेळेचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवलेला नाही. तो सुटल्यासारखं सगळे वागतात, याचा मला राग येतो.

जॉन पोर्सेलिनो यांचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये त्यांनी ‘किंग-कॅट’ ही पुस्तिका सुरू केली. साध्या, जवळजवळ लहान मुलाने काढाव्यात अशा रेषा आणि रोजचं जगणं. अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांना ‘हे आपणही करू शकतो’ असं पहिल्यांदा वाटलं ते या पुस्तिकेमुळे. १९९२ मध्ये त्यांनी ‘स्पिट अँड अ हाफ’ नावाने इतरांच्या पुस्तिकाही टपालाने विकायला सुरुवात केली. म्हणजे स्वतःचं काम सांभाळून दुसऱ्यांचं वितरण. पोट भरायला मात्र त्यांनी डास निर्मूलनाची नोकरी केली, फवारे मारत फिरले. त्या नोकरीवरचं त्यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं. स्वतःच्या आजारपणांवरचं ‘द हॉस्पिटल स्वीट’ २०१४ मध्ये आलं. अमेरिकेत बहुतेक कामकरी माणसांना आरोग्यविमा मिळतो तो नोकरीतून. कागद, पेन आणि पिनांची डबी एवढ्यावर जगणाऱ्या माणसाला तो स्वतः विकत घ्यावा लागतो. ‘हॉस्पिटल स्वीट’ वाचताना हे सतत डोक्यात ठेवा. पुस्तक आणखी जड होतं.

हार्वी पीकर यांनी तर मुळातच नोकरी सोडली नाही. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ स्वतःच्या खर्चाने काढलं. ते लिहायचे, चित्रं रॉबर्ट क्रम्ब आणि इतर काढायचे. क्लीव्हलंडमधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात ते फायली सांभाळायचे. पुरस्कार मिळाले, टीव्हीवर बोलावणी आली, तरी ते रोज कामावर गेले आणि २००१ मध्ये रीतसर निवृत्त झाले. मधल्या काळात कर्करोग झाला. पत्नी जॉइस ब्रेबनर यांच्यासोबत त्यावर ‘अवर कॅन्सर इयर’ लिहिलं. पीकर यांच्या चिकाटीचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ आहेत. मला त्या चिकाटीपेक्षा हजेरीपट महत्त्वाचा वाटतो. ती नोकरी होती म्हणून ते कॉमिक टिकलं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २०११ पासून अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय, लायब्ररी ऑफ काँग्रेस, स्मॉल प्रेस एक्स्पोमधल्या पुस्तिका जमवून जतन करतं. देशाच्या ठेव्यात पिना मारलेली झेरॉक्स पुस्तिका जाऊन बसली, याचा मला मनापासून आनंद आहे. कागद शंभर वर्षं टिकावा याची काळजी सरकार घेतं. तो कागद ज्याने भरला, त्याने पुढच्या महिन्याचं भाडं कसं भरायचं हा त्याचा खासगी प्रश्न ठरतो.

या वर्तुळाने स्वतःची माणसं वाचवली नाहीत असं मी म्हणत नाही. फ्लोरिडात माइक डायना नावाचा तरुण ‘बॉइल्ड एंजल’ काढायचा. प्रती जेमतेम तीनशेच्या आसपास. चित्रं भयानक होती, अनेकांना सहन न होणारी. १९९४ मध्ये त्याला अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं गेलं. शिक्षेच्या अटींमध्ये हेही होतं की त्याने घरात, स्वतःपुरतंसुद्धा तसलं काही काढायचं नाही, आणि पोलीस न सांगता येऊन तपासू शकतील. त्याचा खटला लढायला ‘कॉमिक बुक लीगल डिफेन्स फंड’ उभा राहिला. हा निधी १९८६ मध्ये कॉमिक्सच्याच लोकांनी सुरू केला. ज्यांना डायनाची चित्रं आवडत नव्हती अशांनीही पैसे दिले. जवळीक याला म्हणतात.

प्रकाशकही वाचवले. सिएटलचं फँटाग्राफिक्स २००३ मध्ये बुडायला आलं तेव्हा त्यांनी वाचकांना पुस्तकं विकत घेण्याची विनंती केली आणि ऑर्डरींचा पाऊस पडला. २०१३ मध्ये सहप्रकाशक किम थॉम्पसन गेले, वेळापत्रक कोसळलं. दीड लाख डॉलर मागितले, दोन लाख वीस हजारांच्या वर जमले. त्या वाचकांना सलाम. फक्त हे लक्षात घ्या की पैसा जमतो तो खटल्याला, छपाईला, संस्था तगवायला. दर वेळी एखादी आपत्ती लागते. मंगळवारी सकाळी नऊ वाजता टेबलापाशी बसून सातवं पान शाईने पक्कं करणाऱ्या माणसावर आपत्ती आलेली नसते. त्यामुळे त्याच्यासाठी आवाहनही निघत नाही.

छपाईच्या मदतीचं सगळ्यात मोठं उदाहरण झेरिक फाउंडेशनचं. पीटर लेअर्ड आणि केव्हिन ईस्टमन यांनी १९८४ मध्ये ‘निंजा टर्टल्स’ स्वतः छापून काढलं, त्यातून अफाट पैसा आला. १९९२ मध्ये लेअर्ड यांनी ठरवलं की आपल्यासारख्याच स्वतः छापणाऱ्यांना अनुदान द्यायचं. वीस वर्षं दिलं. जेसिका एबल, मेगन केल्सो, टॉम हार्ट, जीन लुएन यांग हे सगळे त्या अनुदानातून वर आले. यांग यांना पुढे २०१६ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. एका चित्रकाराने इतरांसाठी केलेलं याहून मोठं काम मला माहीत नाही. पण २०१२ मध्ये योजना बंद करताना कारण दिलं गेलं ते असं, की आता इंटरनेटवर फुकट प्रकाशित करता येतं, छपाईच्या पैशाची तेवढी गरज उरली नाही. मला हे मुळीच पटत नाही. इंटरनेटने वाचला तो छपाईचा खर्च. पेन्सिल, शाई, अक्षरं असं एक पान करायला पूर्वी दिवस लागायचा, आजही लागतो. शंभर पानांचं पुस्तक म्हणजे नोकरी सांभाळून दोन वर्षं. ती दोन वर्षं कुठल्याही स्क्रीनने कमी केलेली नाहीत.

दुकानांतून विकायचं म्हटलं तर वितरक छापील किमतीवर साधारण ६० टक्के सूट मागतो. उरलेल्या चाळिसात छपाई, प्रकाशक आणि शेवटी चित्रकार. अमेरिकेतल्या कॉमिक्स दुकानांना माल पुरवणारी डायमंड ही कंपनी दशकानुदशकं जवळजवळ एकटीच होती. जानेवारी २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर गोदामात पडलेला, शंभराहून जास्त प्रकाशकांच्या मालकीचा, विक्रीसाठी नुसता ठेवायला दिलेला माल विकून देणी भागवायची परवानगी तिने न्यायालयाकडे मागितली. म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकांतून आपलं कर्ज फेडायचं. छोट्या प्रकाशकांनी विरोध केला, आणि बरोबर केला.

आपल्याकडे थोडं वेगळं घडलं, ते इथे सांगायला हवं. १९५१ पासूनचा ‘आवाज’ आणि त्याच्यासारखे दिवाळी अंक विकत घेणारा माणूस व्यंगचित्रकार नव्हता. तो बँकेत होता, शाळेत शिकवत होता, गिरणीत होता. खिडकीचित्र उघडून हसणारं घर चित्रकारांच्या वर्तुळाबाहेरचं होतं. अमेरिकेतल्या या मंडळींना तसं बाहेरचं घर फार कमी मिळालं, म्हणून तीच पाच डॉलरची नोट आपापसांत फिरत राहते. (आपल्या चित्रकारांना मानधन किती मिळालं, हा वेगळ्या सदराचा विषय आहे आणि तो मी लिहिणार आहे.)

आणि वर्तुळ जवळचं असलं की त्याचं दार कोणाकडे आहे हेही बघावं लागतं. १९६८ नंतरच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या भूमिगत कॉमिक्सचे किस्से सांगणारे पुरुष आपल्या मोकळेपणाचं फार कौतुक करतात. चित्रकार ट्रिना रॉबिन्स यांना त्याच मित्रमंडळींच्या संग्रहांत जागा मिळत नव्हती. म्हणून १९७२ मध्ये स्त्रियांनी ‘विमेन्स कॉमिक्स’ काढलं, संपादकपद आळीपाळीने घेतलं आणि ते वीस वर्षं चालवलं.

मॉन्ट्रियलच्या ज्युली डुसे यांनी १९८८ मध्ये ‘डर्टी प्लॉट’ची झेरॉक्स पुस्तिका सुरू केली. पुढे ती ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ली’ या प्रकाशनाने छापली. स्वप्नं, पाळी, दारूच्या बाटल्यांनी भरलेली खोली, असं फारसं कोणी काढलं नव्हतं. सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. शतक संपता संपता त्यांनी कॉमिक्स सोडलं. अखंड काम, हातात पैसा नाही आणि भोवती सगळे पुरुष, याचा वीट आल्याचं त्यांनी नंतरच्या मुलाखतींत स्पष्ट सांगितलं. इतकी लाडकी कलावंत या बिरादरीला टिकवता आली नाही. तिच्यावर प्रेम करणारे शेकड्यांनी होते, तिच्या एका वर्षाचा खर्च उचलणारं कोणी नव्हतं.

फ्रान्समध्ये तरी बरं असेल असं वाटतं. तिथे कॉमिक्सला कलेचा दर्जा आहे, पुस्तकांच्या दुकानात मोठी जागा आहे. २०१६ मध्ये तिथल्या लेखक-चित्रकारांच्या पाहणीचे आकडे आले. उत्तर देणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांचं वर्षाचं उत्पन्न किमान वेतनाहून कमी, ३६ टक्के दारिद्र्यरेषेखाली. स्त्रियांमध्ये निम्म्या दारिद्र्यरेषेखाली. दर्जाने पोट भरत नाही, हे त्या देशाने आकड्यांत मांडून दाखवलं.

त्याच वर्षी त्याच देशात या बिरादरीने आणखी एक गोष्ट करून दाखवली. आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवाच्या सर्वोच्च सन्मानासाठी ३० नावं जाहीर झाली आणि त्यांत एकही स्त्री नव्हती. स्त्री-चित्रकारांच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली. रियाद सत्तूफ यांनी आपलं नाव काढून घेतलं. डॅनियल क्लाउज, क्रिस वेअर, चार्ल्स बर्न्स यांनीही काढलं. हे एकमेकांना ओळखणारे, एकमेकांची पुस्तकं वाचणारे लोक होते, म्हणून काही दिवसांतच महोत्सवाला ती यादी गुंडाळावी लागली. २०१९ मध्ये हा सन्मान रुमिको ताकाहाशी यांना मिळाला, २०२२ मध्ये ज्युली डुसे यांना.

एकीची ताकद ही अशी असते, आणि ती तासांच्या हिशेबासाठी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. फ्रान्समधल्या चित्रकारांनी सुरुवात केलेलीच आहे. तिथल्या महोत्सवांत सही घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या पुस्तकात चित्र काढून द्यायची पद्धत आहे. रांग संपेपर्यंत, दिवसभर, बहुतेकदा फुकट. प्रेक्षक तिकीट काढून येतात, प्रकाशक पुस्तक विकतो, महोत्सवाला प्रायोजक मिळतात. चित्रकारांनी मागणी केली आहे की टेबलापाशी बसलेल्या या वेळेचे पैसे द्या. तिकीट लावणाऱ्या प्रत्येक जत्रेपुढे, मग ती आंगुलेमची असो नाहीतर मेरीलँडची, हीच मागणी लेखी जायला हवी, आणि उत्तर येईपर्यंत टेबलं रिकामी राहायला हवीत.