गच्ची अडली आक्कांपाशी

अहो वहिनी, या जरा कुंपणापाशी. या शेवग्याच्या शेंगा घ्या, कोवळ्या आहेत. आणि कळलं का? पलीकडच्यांची गच्ची अडली!

धाकट्यांनी वरची मंगलोरी कौलं उतरवून स्लॅब टाकायचा घाट घातला होता ना, तीच. झोपाळ्याच्या कड्यासुद्धा आणून ठेवल्यात. तळमजल्यावरचे थोरले म्हणाले, माझी हरकत नाही. लगेच पेढे वाटले. आम्हाला चौघांत एक!

नकाशा घेऊन गेले नगरपालिकेत, तर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून अण्णाच! जाऊन अकरा वर्षं झाली, वारसनोंद कुणी केलेलीच नाही. घर अण्णांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेलं, मृत्युपत्र नाही. म्हणजे दोघे भाऊ आणि नागपूरच्या आक्का, तिघांची संमती हवी. धाकट्या जाऊबाई म्हणतात, "त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली, आता त्यांचं काय?" अहो, बापाच्या स्वकमाईत मुलीला सारखा वाटा १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. २००५ ची ती दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीची, ती वेगळी. आमच्या माहेरी यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात, मला तोंडपाठ आहे.

त्यात इंजिनिअर आला. पाच इंची स्लॅबचं नुसतं स्वतःचंच ओझं चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, म्हणाला. माणसं, कुंड्या, झोपाळा वेगळा. मग खालच्या भिंतीचा एक पोपडा नखाने उचकटला, तर आतून भुरुभुरु माती. थोरल्यांची खाट त्याच भिंतीला! तेव्हापासून त्यांच्या "हरकत नाही"चं "बघू" झालंय.

धाकटे म्हणे, परवानगीबिरवानगी राहू दे, सुट्टीच्या दिवशी ओतून टाकू. शहाणेच आहेत! नोटीस आली की स्वतःच्याच खर्चाने पाडायचं.

शेवटी आक्कांना कळवलं, पण काय? घरपट्टीच्या कामाला सही हवी! आक्कांनी ओळखलं. देते म्हणाल्या सही, पण आधी उताऱ्यावर तिघांची नावं लावा, आणि जिना अंगणातून काढा, त्याला कुलूप नको. बरोबरच आहे की.

ओळखलं कसं म्हणता? अहो, आदल्या रात्री मीच फोन केला होता. गच्ची झाली असती तर आपली मागची मोरी त्यांच्या झोपाळ्यासमोर आली नसती का? हळू बोला, जाऊबाई आल्यात बाहेर. ...हो, हो, शेंगांचंच चाललंय आमचं!